निळे पाव्हणे आणि जिवाणी

कामरगावच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती गडगडीच्या आवाजानं. परसात विहीर होती आणि विहिरीवरची लोखंडी गडगडी अशी कुरकुरायची की आमच्या आळीतली अकरा जैन घरं त्या आवाजावर उठायची, असं बाबा म्हणत. पाणी ओढायचं, मग दुहेरी कापडातून गाळायचं, हे रोजचंच. पण गाळलं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. कापडावर जे उरतं त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांना आपण त्यांच्या घरातून काढलं, तर परत घरी पोचवायची जबाबदारीही आपलीच. म्हणून कापड उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी घालायचं, ते उतरलेलं पाणी, म्हणजे जिवाणी, एका लहान बादलीत घ्यायची आणि ती बादली पाण्यापर्यंत सोडायची. त्या बादलीच्या बुडाला एक कडी होती आणि कडीला वेगळी दोरी. पाण्याला टेकली की खालची दोरी ओढायची, बादली हळूच उलटी व्हायची. वरून ओतलं तर जीव आपटून मरतात. आणि ज्या पाण्यातून घेतलं त्याच पाण्यात सोडायचं. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. आळीत बोअर झाले तेव्हा सगळ्यांना सोय झाली, पण बोअरमध्ये जिवाणी परत सोडता येत नाही. त्यामुळे व्रताच्या दिवशी, सणाला, आणि ज्यांचा नेम होता त्यांच्याकडे रोजच, पाणी आमच्याच विहिरीचं जायचं.

हे सगळं खातं मोठ्याईकडे होतं. मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा माझ्या जन्माआधीच गेले होते. मोठ्याई बारीक, उंच, नजरेनं अधू आणि कानानं तिखट. आईला दुपारचं जरा लवंडायला आवडे, मोठ्याईला कोणी लवंडलेलं आवडत नसे. माझं आणि तिचं जमायचं ते एका गोष्टीवरून: दोघींनाही काम ठरल्या वेळी, ठरल्या रीतीनं झालेलं लागे. बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि तिथे येणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या डायऱ्या माझ्या वाट्याला येत. त्यात मी याद्या करी. कोणत्या दिवशी कोणती भाजी झाली, गल्लीतल्या कोणत्या मांजरीला किती पिल्लं झाली, लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली. आजही माझ्या फ्रिजवर तीन याद्या आहेत. मुलगा हसतो. हसू दे, घरातला गॅस कधी संपणार हे मला आधी कळतं आणि त्याला नंतर.

मी बारावीला होते त्या वर्षी माझा मामेभाऊ पंकजदादा पुण्याची खोली सोडून नोकरीसाठी दूर निघाला. त्याच्याकडे दोन फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात निळ्या क्रेफिशची जोडी. आधी रेल्वे, मग अकोल्याहून एसटी असं करत त्यानं टाकी घोंगडीत गुंडाळून आणली आणि प्राणी दोन डब्यांत, ओल्या फडक्यात. डबा उघडला तेव्हा आई किंचाळली. झिंग्यासारखं अंग, खेकड्यासारख्या नांग्या, आणि रंग मोरपंखातल्या निळ्याचा. बाबा म्हणाले, "अरे हा तं विंचू हाय! निळीच्या बाटलीत पडलेला विंचू!" मोठ्याई ओसरीवरून उठून आली, चष्मा वर-खाली करून तिनं डब्यात पाहिलं, आणि मला तीन प्रश्न विचारले.

"खाते काय?"

"पालक, भोपळा, भिजवलेली डाळ." हे खरं होतं. पंकजदादानं दिलेल्या कागदावर गाजर-बटाटाही लिहिला होता, पण जमिनीखालचं आमच्या घरात शिजत नसल्यानं तो प्रश्नच नव्हता.

"खाते कई?"

इथे पंकजदादानं घोळ केला. तो म्हणाला, "रात्री. दिवसा हे लपून बसते, अंधार पडला का निंघते."

"दिवस बुडाल्यावर खाते?" मोठ्याईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "जैनाच्या घरात येऊन?"

"मोठ्याई, त्याईले पाच वाजता देऊ न आपन," मी घाईनं म्हटलं. "आपल्या संगंच. सवय लागते."

"अन् कोनाचा जीव घेते का हे?"

पंकजदादा तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "नाही व. निस्ता पालक."

कागदावरची शेवटची ओळ मी वाचली होती. पिल्लं वेगळी ठेवा, नाहीतर एकमेकांना खातात, असं तिथे लिहिलेलं होतं. तो कागद घडी करून मी डायरीत दाबून ठेवला.

"बरं," मोठ्याई म्हणाली. "राहू दे. पाव्हणे आले घरी. पन जीव घेतल्याचं दिसलं, तं त्याच दिवशी अकोल्याच्या गाडीत बसवजो."

तेव्हापासून त्यांचं नाव पाव्हणे. नर तो पाव्हणा आणि मादी ती पाव्हणी. टाकी मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी लोखंडी स्टँडवर बसली. बाबांनी दुकानातून पाइपचे वीतभर तुकडे कापून आणले, त्यांची लपायची घरं झाली. आमच्या विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ शिजवताना आई रोज त्या पाण्याला बोल लावी. पाव्हण्यांना मात्र ते असं मानवलं की काय सांगू. कवचाला चुना लागतो तो त्या पाण्यातच होता. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असे, तेही त्यांच्या पथ्यावर पडलं. हवेच्या पंपाची घरघर दिवसभर चाले, आणि लोडशेडिंग सुरू झालं की ती घरघर थांबल्यानं घर एकदम रिकामं वाटे. मग मी स्टुलावर उभी राहून पेल्यानं टाकीतलं पाणी वरून खाली, वरून खाली ओतत बसे. एका हातात पेला, दुसऱ्या हातात भौतिकशास्त्र. बारावीला मला भौतिकशास्त्रात किती मिळाले ते इथे लिहायची गरज नाही.

संध्याकाळी पाचला आमच्या घरी चुलीवर तवा चढायचा, कारण दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. ज्वारीच्या भाकरीचा वास, पालकाची पातळ भाजी, हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी, हिरवी मिरची ठेचून तिच्यावर गरम तेल. त्याच वेळी मी वाफवलेल्या लाल भोपळ्याची फोड टाकीत सोडायची. पहिले आठ दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी पाइपातून मिशा बाहेर आल्या. महिन्याभरात अशी सवय लागली की पाचला पाच मिनिटं असताना पाव्हणा काचेशी येऊन नांग्या वर करून उभा राहायचा. मोठ्याई त्याच्यासमोर आपलं ताट घेऊन बसायची. "पाहा," ती आईला म्हणायची, "यानं रातचं खानं सोडलं. अन् तुह्या नवऱ्याले अजून दुकानात कचोरी लागते."

पाणी बदलायचं काम रविवारी. मी बाबांच्या दुकानातली रबरी नळी लावून तळाची घाण ओढून काढी. साधारण एक बादली पाणी निघे. पहिल्याच रविवारी मी ती बादली मोरीत ओतायला निघाले, तर मोठ्याईनं मनगट धरलं. "कुठी चालली? त्यात जीव नाईत का?" म्हणून मग रीत पडली: बादली मी भरायची, गाळायची तिनं. गाळलेलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला आणि जिवाणी विहिरीत. टाकीत पाणी विहिरीचं होतं, तेव्हा जिवाणीही विहिरीचीच. या हिशेबात चूक काढायला मला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी लक्षही दिलं नाही. मोठ्याईचे हात ते काम न पाहता करत. इतकी वर्षं तेच कापड, तीच उलटी घडी, तीच कडीची बादली.

दिवाळीच्या सुमाराला पाव्हणी पाइपातून बाहेर येईना. बॅटरी लावून पाहिलं तर तिच्या शेपटीखाली मोहरीच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली. काळपट, गोल, खच्चून भरलेली. ती दिवसभर शेपटीखालचे पाय हलवून त्यांना वारा घालत बसायची. आमच्या घरात एखादी बाळंतीण असावी तसं वातावरण झालं. आई, जी टाकीकडे पाठ करून बसायची, ती येताजाता वाकून बघू लागली. मोठ्याईनं पंपाखाली दुमडलेलं फडकं ठेवायला सांगितलं, आवाज कमी व्हावा म्हणून. पाचएक आठवड्यांनी अंड्यांची पिल्लं झाली, आणि काही दिवस पाव्हणीच्या पोटाखाली लटकून एके दिवशी ती सुटी झाली. ज्वारीच्या दाण्याएवढी, पारदर्शक, पण मिशा-नांग्यांसकट पूर्ण. मी पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात चमच्यानं एकेक घेऊन मोजली. अठ्ठावन्न. डायरीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, "पिल्लं".

पुढच्या रविवारी मोजली तर एकोणपन्नास. त्याच्या पुढच्या रविवारी अडतीस. मग सत्तावीस, मग बावीस. टाकीत कुठे कलेवर नाही, कवच नाही. मला कागदावरची शेवटची ओळ पाठ होती. मी पानावर एक रकाना आखला आणि त्याला डोकं दिलं, "खाल्ली". नऊ, अकरा, अकरा, पाच. पाव्हण्याला मी वेगळ्या बादलीत काढलं, पाइपांचे लहान तुकडे वाढवले, भोपळा दुप्पट केला. मोठ्याई रोज विचारायची, "किती हायेत वं?" आणि मी रोज सांगायची, "तेवढेच हायेत, मोठ्याई." पारदर्शक पिल्लं तिच्या डोळ्यांना दिसत नसत. दिसत नसत म्हणून मला खोटं बोलणं सोपं गेलं, हे इतक्या वर्षांनी लिहितानाही बरं वाटत नाही. जीव घेणारं जनावर मी तिच्या ताटासमोर ठेवलं होतं आणि ती त्याचं कौतुक करत जेवत होती.

थंडी उतरता उतरता बातमी आली. एक दिगंबर मुनिमहाराज पायी विहार करत कारंज्याकडे निघाले होते आणि वाटेत आमच्या गावी एक मुक्काम करणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आहार, मग पुढे. दिगंबर साधू दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत अन्नपाणी घेतात. ज्यांना आहार द्यायचा ते शुद्ध वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन दारात उभे राहतात. महाराज समोरून जातात आणि ज्या दारी थांबतील ते भाग्याचं घर. मागच्या वेळी गावात महाराज आले होते तेव्हा मोठे बाबा नुकतेच गेले होते. सुतक होतं. मोठ्याई दाराच्या आत, अंधारात उभी राहून दुसऱ्यांच्या दारातले आवाज ऐकत होती. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली होती, आणि तीही ज्वारी निवडताना, मान वर न करता.

आता घर कामाला लागलं. आईनं भिंती सारवल्या, मोठ्याईनं गहू धुऊन, वाळवून स्वतः जात्यावर दळायला घेतले. आळीत तीन घरी चौका, म्हणजे महाराजांसाठीचा शुद्ध स्वयंपाक, लागणार होता, आणि तिन्ही घरांचं पाणी आमच्या विहिरीचं. समोरच्या विमलकाकू दिवसातून चारदा येऊन विहिरीत डोकावून जात. विमलकाकू गावातल्या सगळ्यात मोठ्या कापडदुकानाच्या मालकीण, बोलायला फटकळ, आणि मोठ्याईची चाळीस वर्षांची मैत्रीण.

महाराज यायला चार दिवस होते. मोठ्याई जात्यावर होती म्हणून सकाळचं पाणी मी गाळत होते. तिसरी बादली ओतली आणि कापडावर काहीतरी फटकन उडालं. बोटाच्या पेराएवढं. निळसर. मिशा हलवत, शेपटी आपटत, नांग्या माझ्यावर उगारून उभं.

मी तिथेच बसले. सगळं एकदम लक्षात आलं. माझ्याच नळीनं ती तळातून ओढली गेली होती, मोठ्याईच्या हातानं ती कापडावर आली होती, आणि कडीच्या बादलीतून अलगद, एकही न आपटता, विहिरीत पोचली होती. रविवारी नऊ, रविवारी अकरा. पाव्हणीनं कोणाला खाल्लंच नव्हतं. पहिला क्षण मला निव्वळ आनंद झाला, हे मी कबूल करते. दुसऱ्या क्षणी मी विहिरीत वाकून पाहिलं. हिशेबानं छत्तीस. तिथे त्यांना पाचला भोपळा देणारं कोणी नव्हतं. तिथे मात्र ती काय खात असतील, आणि कोण कोणाला, हे मला ठाऊक होतं.

ते पिल्लू मी तांब्यात घालून टाकीत नेऊन सोडलं आणि कोणाला काही बोलले नाही. कळणार कोणाला होतं? पण आत जात्याची घरघर चालू होती आणि त्या घरघरीवर मोठ्याई काहीतरी पुटपुटत होती. मी दाराशी गेले. आहार देणाऱ्यानं महाराजांसमोर मोठ्यानं म्हणायचे शब्द ती घोकत होती. "मन शुद्धी, वचन शुद्धी, काय शुद्धी, आहार-जल शुद्धी." पुन्हा पहिल्यापासून. ऐन वेळी विसरू नये म्हणून.

"मोठ्याई," मी म्हटलं, "इहिरीत पाव्हण्याईचे पिल्लं हायेत."

जातं थांबलं. "जित्ते का मेले?"

"जित्ते."

"मंग काय झालं? इहिरीत जीव नसते का? मासोळ्या हायेत, कासव होतं. म्हनून तं गाळतो आपन."

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. तिनं स्वतःच दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "थे एकमेकाले खातात. मोठे झाले का मासोळ्याही खातात. मले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्या तुमाले खोटं सांगतलं." मग डायरी आणली आणि 'खाल्ली'चा रकाना तिला वाचून दाखवला, आणि तो रकाना कसा चुकला तेही सांगितलं.

तिनं जात्याचा खुंटा घट्ट धरला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "म्हंजे म्या सोडले," ती म्हणाली. "जीव वाचवाचा म्हनून ह्याच हातानं सोडले. अन् इहिरीतल्या मासोळ्याईच्या घरी मारेकरी पाठवले." मग उठली, हाताचं पीठ झटकलं. "किती म्हनलं? छत्तीस? एक आज आला. पस्तीस काहाड मले बाहीर."

काढायचे कसे, हा प्रश्न मला आवडणाऱ्या जातीचा होता. बाबा तळ्यावर मासे धरणाऱ्या शेषरावभाऊंना घेऊन आले. आमच्या परसात त्या धंद्याचा माणूस पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी चपला रस्त्यावरच काढल्या. विहिरीत पाहिलं, टाकीत पाहिलं, मान हलवली. "हे काय लागते? बांबूची टोपली देतो, तोंड आत वळलेलं. आत गेला का बाहीर नाई निंघत. कोंबडीचं आतडं बांधा, एका घंट्यात..."

मोठ्याईनं कानांवर हात ठेवले. "शेषराव! प्याच्या पान्यात?"

"मंग काय, मोठ्याई, टाळ वाजवून बलावू का त्याईले?"

"भोपळा बांधा," मी म्हटलं. "वाफवून. पाच वाजता."

शेषरावभाऊ मोठ्यानं हसले. "पाच वाजता? काहून वं, पोरी, शाळा सुटते का त्याईची?"

मी म्हटलं, सवय आहे. ते म्हणाले, झिंग्याला सवय नसते, पोट असते. तरी टोपली त्यांनी दिली, दोर कसा सोडायचा ते दाखवलं, आणि गंमत पाहायला पाचपर्यंत थांबले. बाबांनी त्यांना चहा दिला. पावणेपाचला आम्ही पातळ कापडात बांधलेला भोपळा घालून टोपली सोडली. चुलीवर तवा चढला, भाकरी झाल्या, कोणीच जेवायला बसलं नाही. सव्वासहाला टोपली वर घेतली. आत सहा. मोठा नुसता बोटभर, बाकीचे त्याहून लहान, सगळे भोपळ्याला चिकटलेले. शेषरावभाऊंनी टोपी मागं सारली. "आता काय म्हना," ते म्हणाले, "जैनाचे झिंगे!"

दुसऱ्या दिवशी नऊ आले, तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी, म्हणजे महाराज यायच्या संध्याकाळी, टोपली रिकामी आली. मी पान पूर्ण केलं: पस्तीसातले एकोणीस बाहेर, सोळा बाकी. मेलेला एकही नाही, निदान मिळाला तरी नाही. वाचकाला उत्सुकता असेल म्हणून इथेच सांगते. पुढच्या दोन उन्हाळ्यांत विहिरीचा गाळ काढला तेव्हा त्या सोळांतला एकही दिसला नाही, मासोळ्या मात्र होत्या. टाकीतली पिल्लं पंकजदादाच्या एका पुण्याच्या मित्रानं नेली. बाहेरून आणलेले असले प्राणी नदी-तळ्यात सुटले तर तिथल्या माशांचा वंश बुडवू शकतात, हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि वाचताना माझे कान गरम झाले. आमची विहीर चहूबाजूंनी बांधलेली होती, एवढंच आमचं नशीब.

त्या संध्याकाळी मोठ्याई स्वतः विमलकाकूंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मी सोबत होते. विमलकाकू पाटावर बसून वेलदोडे सोलत होत्या.

"बाई, तुले काय याड लागलं का?" त्या म्हणाल्या. "इहिरीत जीव असतेच. तीनदा गाळू. अन् आता गावभर सांगत नको फिरू. महाराज आपल्या दारून उपाशी गेले तं तोंड कुठी लपवशीन?"

"म्या चौका नाई लावत," मोठ्याई म्हणाली. "तू लाव. जल शुद्ध हाय, असं माह्या तोंडून निंघनार नाई."

"दोन पिढ्याईचं पुण्य तू त्या निळ्या किड्यासाठी..." विमलकाकूंचं बोलणं अर्धंच राहिलं. वेलदोड्याची टरफलं त्यांनी मुठीत दाबली होती.

दळलेलं पीठ मोठ्याईनं विमलकाकूंकडे पोचवलं. सकाळी आमच्या दारात कलश नव्हता. मोठ्याई पांढरं शुद्ध वस्त्र नेसून, नुसते हात जोडून उंबऱ्यात उभी राहिली. मी मागे. महाराज आले. उंच, सावळे, उन्हानं रापलेले, हातात मोरपिसांची पिंछी. आमच्या दारासमोरून ते न थांबता गेले. थांबायचं कारणच नव्हतं. बोलावणारे शब्द आमच्या दारात कोणी म्हटले नव्हते. मोठ्याईनं वाकून नमस्कार केला आणि मान खालीच ठेवली. समोरून विमलकाकूंचा आवाज आला, घाईचा, चिरका, "नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ!" आणि मग शांतता. महाराज तिथे थांबले होते.

आळीतली सगळी माणसं विमलकाकूंच्या दाराशी जमली. आत आहार सुरू झाला. महाराज उभे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून केलेली ओंजळ. घास त्या ओंजळीत ठेवायचा, पाणी त्या ओंजळीत घालायचं. आहार चालू असताना ते बोलत नाहीत. काही दोष आढळला तर ओंजळ सोडतात, खाली बसतात, आणि त्या दिवशी पुन्हा पाण्याचा थेंबही घेत नाहीत. विमलकाकूंनी चार घास दिले, त्यांच्या यजमानांनी दिले. मग विमलकाकू दाराकडे वळल्या. गर्दीत शेवटी उभ्या असलेल्या मोठ्याईकडे पाहून त्यांनी मानेनं खुणावलं, आणि हळूच म्हणाल्या, "ये. पानी दे."

नाही म्हणता आलं असतं. मला वाटलं ती नाही म्हणेल. पण ती पाय धुऊन आत गेली, पाण्याचा तांब्या घेतला. नवीन माणूस आहार द्यायला आला की त्यानंही आधी ते शब्द म्हणायचे असतात. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आईनं माझा दंड धरला होता.

"मन शुद्धी," मोठ्याई म्हणाली. "वचन शुद्धी. काय शुद्धी." आणि थांबली.

विमलकाकूंनी डोळे मिटले.

"महाराज," मोठ्याई म्हणाली, आणि तिचा आवाज मुळीच हलला नाही, "ज्या इहिरीचं हे पानी, तिच्यात माह्या हातानं परके जीव पडले. दुसऱ्या जिवाले खानारे. एकोणीस काहाडले, सोळा अजून आत हायेत. पानी तीनदा गाळलं. बाकी म्या काई लपवलं नाई."

विमलकाकूंच्या यजमानांच्या हातातली वाटी तशीच हवेत राहिली. सगळ्यांचे डोळे त्या ओंजळीवर होते. आता बोटं सुटणार, आणि माझ्या एका खोट्यापायी एक माणूस उद्या सकाळपर्यंत उपाशी, तहानलेला, कारंज्याची वाट चालणार. महाराजांनी मोठ्याईकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. बोटं सुटली नाहीत. ओंजळ वीतभर पुढे आली आणि तिच्यासमोर थांबली.

मोठ्याईनं तांब्या पुढे धरला. तांब्याच्या काठाशी पाणी हिंदकळलं. विमलकाकूंनी डोळे उघडले, पुढे झाल्या, तांब्याला खालून आपला हात लावला, आणि दोघींनी मिळून पाणी घातलं.